कोयत्याचा हंगाम आणि दहावीची परीक्षा: मराठवाड्यातल्या पर्यायी शिक्षणाच्या सोयी, पारखून

शाळा सुटलेल्या किंवा सुटायच्या बेतात असलेल्या लेकरासाठी मराठवाड्यात कागदावर सोयींची कमी नाही. हंगामी वसतिगृह आहे, आश्रमशाळा आहेत, कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयं आहेत, संत भगवानबाबांच्या नावाची वसतिगृहं आहेत, बाहेरून दहावी द्यायचा सतरा नंबरचा फॉर्म आहे आणि मुक्त विद्यालयही आहे. अडचण येते ती आईबापांना, गुरुजींना आणि गावातल्या कार्यकर्त्याला: या लेकराला नेमकं कुठं घालायचं? इथं या सगळ्या सोयी एकाच कसोटीवर पारखल्या आहेत. सोयीचं वर्ष आणि घराच्या पोटापाण्याचं वर्ष जुळतं का? शिकवणं कसं आहे हा मुद्दा त्याच्या नंतरचा. पोरगी आईबापांबरोबर उसाच्या फडात असताना तिची परीक्षा येत असेल, तर शिकवणाऱ्यानं कितीही जीव ओतला तरी तिची परीक्षेतली जागा रिकामीच राहते.

आधी ऊसतोडीला जाणाऱ्या घरांचं पोटापाण्याचं वर्ष. पावसाळ्यातच मुकादमाची, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराची, उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) घरात येते आणि बहुतेक वेळा तेवढ्यातच खर्चूनही जाते. गाळप कधी सुरू करायचं ते सरकार ठरवतं. २०२४-२५ चा हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू झाला, त्याच्या पुढच्या वर्षीचा १ नोव्हेंबरला. टोळ्या दिवाळीच्या आगेमागे निघतात: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे, अहिल्यानगर आणि पलीकडे बेळगाव-बागलकोटपर्यंत. परत यायला मार्च उजाडतो, ऊस उभा राहिला तर एप्रिल. मजुरीच्या हिशेबात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. पोरगा चौदा-पंधराचा झाला की तो अर्धा कोयता म्हणून मोजला जातो. त्याच वयाच्या पोरीला गावी एकटी ठेवायची भीती वाटते, मग लग्न उरकलं जातं आणि एक नवा कोयता तयार होतो. शाळा सुटायचं वय तेरा ते पंधरा का, याचं उत्तर या हिशेबात आहे.

नांदेडमधला किनवट-माहूरचा पट्टा वेगळा आहे. तिथल्या गोंड, कोलाम आणि आंध या आदिवासी घरांमध्ये नोव्हेंबर ते जानेवारी कापूस वेचणी चालते. दिवाळीत दंडारी हा नाचाचा सण असतो, लेकरं आश्रमशाळेतून घरी येतात आणि वेचणी लागलेली असली की परत जात नाहीत. हिंगोलीत कळमनुरी-औंढ्याच्या आंध वस्त्यांवर आणि बंजारा तांड्यांवर ऊसतोडही आहे आणि शहरात कामाला जाणंही आहे.

या वर्षात सगळ्यात नीट बसणारी सोय म्हणजे हंगामी वसतिगृह. कल्पना साधी आहे. आईबाप जातील, लेकरू गावात आजी-आजोबांकडे किंवा नातेवाइकांकडे राहील, शाळा त्याचं जेवण आणि संध्याकाळचा अभ्यास सांभाळेल. चालवायचं शाळा व्यवस्थापन समितीनं, पैसा समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून. दुपारचा पोषण आहार शाळेत मिळतोच, वसतिगृहानं सकाळ-संध्याकाळ भागवायची. नावात वसतिगृह असलं तरी बऱ्याच गावांत मुक्काम नसतो. लेकरं जेवून घरी झोपायला जातात. लहान पोरांना याचा फार त्रास होत नाही. बारा-तेरा वर्षांच्या पोरीसाठी मात्र रात्र कुठं आणि कोणाजवळ, हा पहिला प्रश्न विचारायला हवा. घरात फक्त थकलेला आजोबा असेल, तर त्या पोरीला हंगामी वसतिगृह पुरत नाही. तिच्यासाठी कस्तुरबा बघावं.

हंगामी वसतिगृहाचं सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे उशीर. सर्वेक्षण, समितीचा ठराव, केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी, जिल्हा परिषद असा प्रस्ताव वर चढतो आणि मंजुरी खाली उतरते तोवर टोळ्या निघून गेलेल्या असतात. गाडी निघायच्या दिवशी वसतिगृहाची चूल पेटलेली दिसली नाही, तर आई लेकराला गाडीतच बसवते. तिच्या जागी कोणीही तेच करील. म्हणून समितीनं यादी ऑगस्टमध्येच करावी. मुकादमाकडे उचल कोणी घेतली हे गावाला तेव्हाच माहीत असतं. यादीत लेकराचं नाव, इयत्ता, मागं कोण राहणार, त्यांचा फोन आणि आईबाप कोणत्या कारखान्याला जाणार, एवढं असावं. ठराव सप्टेंबरात आणि किराणा दुकानदाराशी उधारीचं बोलणं त्याच बैठकीत, कारण अनुदान पहिल्या महिन्यात हातात पडेल असं धरून चालता येत नाही. दुकानदाराची उधारी थकली की आधी डाळ पातळ होते, मग भाजी जाते, मग लेकरं जातात.

दुसरं दुखणं पटाचं. बीड जिल्ह्यात खोट्या पटाच्या तक्रारी झाल्या आणि बायोमेट्रिक हजेरी आली. ते योग्यच झालं. पण कोयत्याच्या घरात लेकरंही राबतात, बोटाची साल गेलेली असते, ठसा उमटत नाही आणि खरं जेवणारं लेकरू गैरहजर पडतं. यावर उपाय म्हणजे एकापेक्षा जास्त बोटांचे ठसे नोंदवून ठेवणं आणि यंत्र अडलं की त्याच दिवशी कागदी हजेरीवर मुख्याध्यापक व समिती अध्यक्षांच्या सह्या घेणं. पंधरा दिवसांनी केलेल्या दुरुस्तीवर कोणी विश्वास ठेवत नाही.

वसतिगृह चांगलं आहे की नाही हे पालकानं कसं ओळखावं? दिवस मावळल्यावर जावं. दिवा लागतो का, स्वयंपाकाला बाई आहे का, संध्याकाळी कोण बसतं, आजारी लेकराला दवाखान्यात कोण नेतं, एवढं बघितलं की पुरे. आठवड्यातून ठरलेल्या वेळी आईबापांशी फोनवर बोलणं होतं का, हेही विचारावं. आईचा आवाज न ऐकलेलं लहान लेकरू महिन्याभरात आजीला सोडून फडात पोचतं, कोणाच्या ना कोणाच्या गाडीतून.

जे लेकरू आईबापांबरोबर जातंच, त्याच्यासाठी शिक्षण हमी कार्ड आहे. गावच्या शाळेनं ते भरून द्यायचं आणि कारखान्याच्या भागातल्या जिल्हा परिषद शाळेनं लेकराला बसवून घ्यायचं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, वयाप्रमाणे वर्गात बसवणं आणि मागं पडलेल्यासाठी विशेष प्रशिक्षण देणं बंधनकारक आहे. पण कार्डाचा उपयोग टोळी कोणत्या प्रकारची आहे त्यावर ठरतो. बैलगाडीवाली कुटुंबं कारखान्याजवळ एकाच तळावर हंगामभर कोप्या टाकून राहतात. त्यांच्यासाठी कार्ड कामाचं आहे. ट्रक-ट्रॅक्टरच्या टोळ्या फड संपला की पुढच्या गावाला हलतात, दोन-तीन आठवड्यांत शाळा बदलते आणि तिसऱ्या शाळेपर्यंत कार्ड कोणी दाखवतही नाही. ट्रॅक्टरच्या टोळीतल्या लेकराला शक्य ते सगळं करून गावातच ठेवावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. कार्डाच्या भरवशावर पाठवू नये.

आणि हे सगळं आठवीपर्यंत. कायद्याचं छत्र सहा ते चौदा वयाचं आहे, हंगामी वसतिगृहाचंही तेवढंच. नेमकं ज्या वयात पोरगा अर्धा कोयता होतो त्याच वयात छत्र मिटतं. मराठवाड्यातली सगळ्यात मोठी गळती या फटीतून होते आणि इथून पुढच्या सोयी या फटीवर पारखायच्या आहेत.

संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना नेमकी याच फटीसाठी हवी होती. २०२१ मध्ये ४१ तालुक्यांत मुलांचं एक आणि मुलींचं एक अशी ८२ वसतिगृहं मंजूर झाली, प्रत्येकी १०० जागांची. पहिल्या टप्प्यात दहा तालुके घेतले. त्यांतले सहा बीड जिल्ह्यातले: पाटोदा, केज, बीड, गेवराई, माजलगाव, परळी. जालन्यातले घनसावंगी आणि अंबड, उरलेले दोन अहिल्यानगरचे. हे फक्त राहणं-जेवण आहे, शाळा जवळच्या माध्यमिक विद्यालयात. अर्ज समाजकल्याण सहायक आयुक्तांच्या कार्यालयाकडे, आणि त्याला आईबाप ऊसतोड कामगार असल्याचं ओळखपत्र लागतं. हे ओळखपत्र ग्रामसेवकाकडून निघतं. दिवाळीत ते काढायला गेलं तर काम होत नाही, ते उन्हाळ्यात, सगळी माणसं गावात असताना काढून ठेवावं. जागा मिळाली तर नववी-दहावीच्या लेकरासाठी याच्याइतकी बरी सोय नाही, कारण शाळा नियमित राहते, मित्र राहतात, दाखल्याची भानगड होत नाही. अनेक ठिकाणी इमारत भाड्याची आहे. प्रवेशाआधी पाणी, संडास आणि शाळेपासूनचं अंतर पायी चालून बघावं.

मुलींसाठी कस्तुरबा गांधी बालिका विद्यालय. योजना २००४ ची, शैक्षणिकदृष्ट्या मागास तालुक्यांसाठी. तीन चतुर्थांश जागा अनुसूचित जाती, जमाती, इतर मागास आणि अल्पसंख्याक मुलींसाठी, उरलेल्या दारिद्र्यरेषेखालच्या घरांसाठी. सहावी ते आठवी मूळ रचना, समग्र शिक्षेत पुढे बारावीपर्यंत वाढवायची तरतूद झाली. शाळा मधेच सोडलेल्या किंवा कधीच न गेलेल्या मुलीलाही इथं घेतात. मुलींच्या बाबतीत आमची पहिली शिफारस हीच आहे, कारण बारमाही मुक्काम आहे आणि लग्नाचा विषय निघाला तर तिच्या बाजूनं बोलणारी बाई तिथं असते. दोन गोष्टी विचारून घ्याव्यात: तुमच्या तालुक्यातलं कस्तुरबा आठवीला थांबतं की पुढं जातं, आणि थांबत असेल तर नववीला मुलींना कुठं पाठवतात. दुसऱ्या प्रश्नाला नेमकं उत्तर मिळालं नाही, तर आठवीच्या जानेवारीतच पुढच्या जागेच्या मागे लागावं.

आश्रमशाळा दोन खात्यांच्या आहेत आणि पालकांची इथं नेहमी गल्लत होते. तांड्यावरच्या, विमुक्त-भटक्यांच्या आश्रमशाळा इतर मागास बहुजन कल्याण विभागाकडे आहेत. आदिवासींच्या आदिवासी विकास विभागाकडे. मराठवाड्यात आदिवासी विकासची प्रकल्प कार्यालयं किनवट, कळमनुरी आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत आणि ती तिन्ही अमरावतीच्या अपर आयुक्तांच्या हाताखाली येतात. म्हणजे किनवटची तक्रार नांदेडला अडत नाही, ती अमरावतीला अडते. पाठपुरावा करणाऱ्यानं अर्जाची प्रत तिकडेही पाठवावी. पारधी आणि फासेपारधी अनुसूचित जमातीत असल्यानं बीड-धाराशिवच्या पारधी लेकरांचाही हक्क आदिवासी विकासच्या सोयींवर आहे. हे त्या वस्त्यांवर फार कमी घरांना कोणी सांगितलेलं असतं.

आश्रमशाळेची पारख करताना भाषा बघावी. कोलामी किंवा गोंडी बोलत आलेलं पहिली-दुसरीचं लेकरू मराठी पुस्तकासमोर गप्प बसतं आणि गप्प लेकराला ढ ठरवणं सोपं असतं. कोलाम ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक आहे, त्यांच्या लेकरांवर ही चूक परवडणारी नाही. ज्या शाळेत निदान एक शिक्षक, मदतनीस किंवा स्वयंपाकीण तरी लेकराची बोली बोलते, ती शाळा निवडावी. मुलींच्या शाळेत स्त्री अधीक्षक मुक्कामी असते का, तेही बघावं. आणि दंडारीला घरी गेलेली लेकरं कोण आणायला जातं, हे मुख्याध्यापकांना विचारावं. जिथं शिक्षक दिवाळीनंतरच्या पहिल्या आठवड्यात पाड्यांवर फिरतात तिथं पट टिकतो. जिथं नुसता निरोप धाडतात तिथं अर्धा वर्ग कापसात असतो. किनवट तालुक्यात सहस्रकुंडला एकलव्य निवासी शाळाही आहे. तिथं सहावीला प्रवेश परीक्षेतून जावं लागतं, त्यामुळे शाळा सुटलेल्या मोठ्या लेकरासाठी तिचा उपयोग नाही.

आता पंधरा-सोळा वर्षांचं, आठवी-नववीनंतर घरी बसलेलं पोर. त्याला लोक पटकन सांगतात, सतरा नंबर भर. खासगी विद्यार्थी म्हणून राज्य मंडळाची दहावी द्यायचा हा रस्ता जुना आणि ओळखीचा आहे. शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो, तो नसेल तर दुय्यम प्रत आणि प्रतिज्ञापत्र, शिवाय आधार आणि फोटो. बीड, जालना, परभणी, हिंगोलीचा कारभार छत्रपती संभाजीनगर विभागीय मंडळाकडे, लातूर, नांदेड, धाराशिवचा लातूर मंडळाकडे. पुस्तकं गावात कोणाकडेही मिळतात, शिकवणारा मिळतो, ही मोठी जमेची बाजू. पण लेखी परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. तोंडी आणि प्रात्यक्षिकं त्याच्याही आधी. ऊस तेव्हा जोरात असतो. कोयत्याच्या घरातल्या पोरानं सतरा नंबर भरायचा तर जानेवारीपासून त्याला गावात ठेवण्याची सोय आधी करावी, नाही तर फी जाते आणि नापासचा शिक्का पदरात पडतो. ज्या घरात स्थलांतर नाही, पोरगा गॅरेजवर किंवा हॉटेलात कामाला लागलाय, त्याला मात्र सतरा नंबर छान बसतो.

ऊसतोडीच्या वर्षाशी सगळ्यात चांगला जुळतो तो राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा, म्हणजे एनआयओएसचा कार्यक्रम. १९८९ ची ही केंद्राची संस्था, दहावीसाठी किमान वय १४, बारावीसाठी १५. परीक्षा वर्षातून दोनदा: एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. नोंदणी पाच वर्षं चालते आणि तेवढ्यात नऊ संधी मिळतात. एकदा पास झालेला विषय पास राहतो, एका वेळी दोन विषय देत गेलं तरी चालतं. पाच विषय लागतात, त्यांत किमान एक भाषा. प्रवेशाला आठवीची गुणपत्रिका जोडावी. ती नसेल तर दहावीचा अभ्यास झेपेल असं स्वतःचं घोषणापत्र चालतं. शाळेनं दाखला अडवून ठेवलेल्या पोरासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. मुलींना आणि अनुसूचित जाती-जमातींना फी कमी आहे.

एप्रिलच्या परीक्षेसाठीचे प्रवेश साधारण मार्चच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत विलंब शुल्काशिवाय चालतात. टोळी परत आलेली असते, हातात थोडा पैसा असतो, कागद जमवायला वेळ असतो. मे-जूनमध्ये प्रवेश घ्यायचा, पावसाळाभर अभ्यास करायचा, परीक्षा पुढच्या एप्रिल-मेमध्ये, परतल्यावर. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या परीक्षेच्या नादी लागू नये. तिचे शेवटचे पेपर टोळी निघायच्या दिवसांवर येतात आणि मुकादम पेपरासाठी गाडी थांबवत नाही.

मात्र या रस्त्यात तीन खड्डे आहेत आणि तिन्ही हंगामाच्या मधोमध. पहिला, परीक्षा शुल्क. प्रवेश शुल्क भरलं म्हणजे झालं असं पालक समजतात. परीक्षेचं शुल्क वेगळं आहे, विषयवार आहे आणि एप्रिलसाठी ते साधारण नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये ऑनलाइन भरायचं असतं. पोर तेव्हा फडात. निघण्यापूर्वी गावातल्या भरवशाच्या माणसाकडे नोंदणी क्रमांक, पासवर्ड आणि पैसे देऊन ठेवावेत. नोंदणीचा मोबाइल नंबर जो चालू राहणार तोच द्यावा. फडात सिम बदललं की ओटीपी येत नाही आणि खातं उघडत नाही.

दुसरा खड्डा स्वाध्यायाचा. प्रत्येक विषयाची घरी सोडवायची प्रश्नपत्रिका असते, तिला लेखी गुणांपैकी २० टक्के वजन आहे. हातानं उत्तरं लिहून, स्कॅन करून संकेतस्थळावर चढवायची. एप्रिलच्या परीक्षेसाठी मुदत जानेवारीअखेरच्या आसपास संपते. म्हणून स्वाध्याय दसऱ्याआधी लिहून, फोटो काढून तयार ठेवावेत. पासाला ३३ टक्के लागतात, त्यामुळे हे २० टक्के ज्यानं नीट मिळवले त्याचं निम्मं ओझं उतरतं. अभ्यासक्रमही विभागलेला आहे: साधारण ४० टक्के भाग फक्त स्वाध्यायासाठी आणि ६० टक्के लेखी परीक्षेसाठी. ही विभागणी संकेतस्थळावर मिळते. ती न बघता अख्खं पुस्तक घोकत बसलेली पोरं थकून सोडून देतात.

तिसरा खड्डा प्रात्यक्षिकांचा, आणि तो विषय निवडतानाच पडतो. विज्ञान, गणित, गृहविज्ञान, चित्रकला यांना प्रात्यक्षिक आहे, त्यात वेगळं पास व्हावं लागतं आणि ती लेखीच्या आधी, म्हणजे मार्चच्या सुमाराला होतात. ज्याला मार्चमध्ये परत येता येणार नाही त्यानं मराठी, सामाजिक शास्त्र, अर्थशास्त्र, व्यवसाय अध्ययन, मानसशास्त्र असे विषय घ्यावेत, असं कोणीही सांगेल. पण तेवढ्यावर थांबू नये. पुढं काय करायचंय ते आधी विचारावं. आयटीआयच्या अनेक तांत्रिक व्यवसायांना आणि तंत्रनिकेतनाला दहावीला गणित-विज्ञान लागतं. सोपे विषय घेऊन पास झालेला पोरगा आयटीआयच्या खिडकीतून परत येतो, हे टाळता येण्यासारखं आहे. पोलीस भरतीसाठी बारावी हवी, तिथं दहावीचे विषय फारसे आड येत नाहीत. मधला मार्ग असा: पहिल्या एप्रिलला बिनप्रात्यक्षिकाचे तीन विषय काढायचे, दुसऱ्या वर्षी गणित-विज्ञानासाठी त्या एकट्या पोराला मार्चच्या सुरुवातीला परत आणायचं. पाच वर्षं हातात आहेत, घाई कशाला?

राज्य मंडळाच्या दहावीत नापास झालेल्यांसाठी आणखी एक सोय आहे. पास झालेल्या दोन विषयांपर्यंतचे गुण इकडे वळते करून घेता येतात. मग उरले तीनच विषय. गणितात अडकलेल्या शेकडो पोरांना ही गोष्ट माहीत नाही.

उणीव कुठं आहे? पुस्तकांत. दहावी मराठी माध्यमातून देता येते, पण प्रत्येक विषयाचं मराठी पुस्तक वेळेवर हातात पडेल याची खात्री धरू नये. विषय ठरवण्याआधी संकेतस्थळावर मराठी पुस्तक आहे का ते बघावं. दुसरी उणीव केंद्रांची. संपर्क वर्ग ज्या अध्ययन केंद्रात व्हायचे ती बहुतेक शहरांत असतात आणि काही ठिकाणी वर्ग कागदावरच भरतात. शिरूर कासारच्या वस्तीवरचा पोरगा त्यासाठी बीडला येत राहणार नाही. गावात आठवड्यातून दोन संध्याकाळी बसवणारा एक माणूस लागतो, मग तो निवृत्त गुरुजी असो की डी.एड. झालेली सून. तो माणूस नसेल तर नोंदणी करूच नये असं आम्ही म्हणणार नाही, पण पाच वर्षांतली पहिली दोन वाया जातील हे धरून चालावं.

लहान वयाच्या, पाचवी-आठवीही न झालेल्या लेकरांसाठी राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ आहे. पाचवी स्तराला १० वर्षं पूर्ण, आठवी स्तराला १३. पण चौदाच्या आतलं लेकरू असेल तर त्याला आधी जिल्हा परिषदेच्या शाळेतच घालावं, आणि याचं कारण जातीच्या दाखल्यात आहे. पडताळणीत शाळेच्या जनरल रजिस्टरातली जातीची नोंद फार मोलाची असते. अनुसूचित जमातीला ६ सप्टेंबर १९५०, अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५० आणि विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. मराठवाड्यात निजामाच्या काळातल्या नोंदी उर्दूत आहेत, त्या शोधून भाषांतर करून आणाव्या लागतात. ज्या घरात आजा-पणज्यापैकी कोणी शाळेत गेलंच नाही, तिथं आज शाळेत घातलेल्या लेकराची नोंद ही पुढच्या पिढीचा पहिला पुरावा ठरते. घोषणापत्रावर थेट मुक्त विद्यालयात गेलेल्या लेकराची ही नोंद कुठंच होत नाही. म्हणून आठवीपर्यंत नाव जिल्हा परिषदेच्या पटावर राहू द्यावं, दाखल्यावर जात-पोटजात नीट लिहून घ्यावी, नाव-आडनावाचं स्पेलिंग आधारशी जुळवावं आणि मगच मुक्त विद्यालयाकडे वळावं. शाळा सोडताना यूडायसचा (शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीचा) कायम शिक्षण क्रमांकही लिहून घ्यावा. परत कुठल्या शाळेत जायचं झालं तर तो लागतो.

साक्षरतेच्या उल्लास कार्यक्रमाचं प्रमाणपत्र पंधरा वर्षांवरच्यांना मिळतं. ते चांगलंच आहे, पण ते आठवी किंवा दहावी नव्हे. ‘थेट दहावी पास, परीक्षा द्यायची गरज नाही’ अशा जाहिराती करणाऱ्यांपासून मात्र लांब राहावं. प्रमाणपत्रावर एनआयओएस किंवा राज्य मंडळ नसेल तर आधी जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षण विभागात जाऊन विचारावं, मग पैसे काढावेत.

बाप किंवा आई गेलेल्या घरासाठी, आणि आपल्याकडे शेतकरी आत्महत्यांमुळे अशी घरं पुष्कळ आहेत, बालसंगोपन योजनेतून एका लेकरामागे महिन्याला २,२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयाकडे. अनेकदा एवढ्या पैशावर पोरगं कोयत्यापासून मागं राहतं. लग्न ठरत असेल किंवा लेकराला जबरदस्तीनं नेत असतील तर १०९८ वर फोन करावा, तो फुकट आहे.

एनआयओएसची दहावी पास झाल्यावर गुणपत्रिकेबरोबर स्थलांतर प्रमाणपत्र येतं, ते जपून ठेवावं. अकरावीला ते मागतात. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन झाले आहेत आणि एप्रिल-मेच्या परीक्षेचा निकाल हाती येईपर्यंत पहिल्या फेऱ्या होऊन जाऊ शकतात. त्यामुळे नोंदणी आधी करून ठेवावी आणि पुढच्या फेऱ्यांवर लक्ष ठेवावं.

आणि मुकादमाशी बोलणं उचल घेतानाच करावं. करारात कोयता किती धरला हे तेव्हाच ठरतं. पोराला त्यात अर्धा कोयता म्हणून मोजू द्यायचं नाही, उचल तेवढी कमी घ्यायची, आणि पोर बरोबर गेलंच तर मार्चमध्ये ते परत येणार हे चार माणसांसमोर सांगून ठेवायचं. एकदा उचल अंगावर चढली की मार्चमध्ये त्याला गाडीत बसवायला कोणी तयार होत नाही.